राखीव जागेतली ट्रॉली

धक्का म्हणावा तर तसा काहीच नव्हता. शनिवारी सकाळी सुपरमार्केटच्या आवारात शिरून तिने गाडी नेहमीप्रमाणे दाराजवळच्या राखीव जागेत वळवली, समोरून ऊन थेट डोळ्यांत आलं, पत्र्यावर पत्रा वाजला आणि एक रिकामी ट्रॉली सावकाश मागे सरकत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. एवढंच. पण क्षणभर तिची खात्रीच झाली होती की आपण माणसाला उडवलं. मग डोळ्यांवरचं ऊन सरलं आणि दिसलं, की एक नाही, तीन ट्रॉल्या आहेत. एक भिंतीला लागलेली, एक जागेच्या मधोमध आडवी, आणि तिसरी जमिनीवर रंगवलेल्या चाकाच्या खुर्चीच्या चित्रावर ऐटीत उभी.

"ट्रॉली आहे," शेजारी बसलेला नवरा म्हणाला.

"दिसलं मला."

"आत्ता दिसलं," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती उतरली, दार धाडकन लावलं, भोंगेवाल्याकडे वळून दोन्ही हात पसरून ट्रॉल्या दाखवल्या, जसं काही त्यानेच त्या तिथे आणून ठेवल्या होत्या. हे दर शनिवारचं होतं. माणसं सामान गाडीत भरतात, आणि ट्रॉली रांगेत नेऊन लावायचा कंटाळा म्हणून हाताशी जी मोकळी जागा दिसेल तिथे ढकलून देतात. आणि मोकळी जागा हमखास हीच, कारण बाकी सगळ्या भरलेल्या. धडधाकट पाय असलेली माणसं! तिला त्यांच्या पायांचाच राग येई. एका ट्रॉलीत दुसरी अडकवत, तिसरीचं मुरडलेलं चाक लाथेने सरळ करत ती पुटपुटत होती, तेवढ्यात नवऱ्याने काच खाली केली. "एक राहू दे कडेला," तो म्हणाला. "काय?" "एक असू दे. कुणाला तरी लागेल." "कुणाला लागणार? दाराच्या आत ढीगभर पडल्यात," ती म्हणाली आणि तिन्ही ट्रॉल्या खडखडवत आवाराच्या पार टोकाला, रांगेपर्यंत नेऊन लावून आली. परत येऊन गाडी लावली, डिकीतून चाकाची खुर्ची काढली, उघडली, ब्रेक लावले, त्याच्या काखेत हात घातला. तो उठला, वळला, बसला. या हालचालीत दोघं आता इतकी तयार झाली होती, की बघणाऱ्याला वाटावं नाचाची तालीम चालली आहे. मांडीवर टोपली ठेवून घेऊन तो बसला आणि तिने खुर्ची ढकलत आत नेली. आत गेल्यावर काय काय घ्यायचं ते तिला पाठ होतं, त्याला विचारायचं काही कारणच नव्हतं.

ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रार खिडकीवर बसत असे. सव्वीस वर्षं. या सव्वीस वर्षांत तिने एवढं शिकून घेतलं होतं, की जगात तक्रार करणारे पुष्कळ, पण तक्रार करता येणारा हजारात एक. माणसं खिडकीशी येऊन रडतात, टेबल बडवतात, आमच्या घरी लहान लेकरू आहे हो म्हणतात; त्याने पान हलत नाही. 'कृपया' हा शब्द ज्या कागदावर असतो तो कागद गठ्ठ्याच्या तळाला जातो. ज्यावर तारीख, वेळ, ठिकाण आणि 'अन्यथा' हा शब्द असतो, तो वर येतो. दुसऱ्यांचे कागद वर-खाली होताना तिने जन्म काढला होता. स्वतःसाठी एक ओळ लिहायची वेळ कधी आली नव्हती. त्या शनिवारी घरी आल्यावर तिने गाडीच्या नाकावरचा ओरखडा बोटाने चाचपून पाहिला आणि ठरवलं, की आता लिहायचं. पुढचे तीन शनिवार तिने फोटो काढले. तारीख, वेळ, ट्रॉल्यांची संख्या. मग एका बैठकीत दीड पानाचं पत्र लिहिलं. असं, की वाचणाऱ्याला पळायला वाट राहू नये. शेवटचं वाक्य तिचं तिलाच इतकं आवडलं की तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं : राखीव जागेत वा तिच्या लगत एकही ट्रॉली क्षणभरदेखील राहणार नाही अशी व्यवस्था आठ दिवसांत व्हावी, अन्यथा योग्य त्या अधिकाऱ्यांकडे दाद मागण्यात येईल. नवरा आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

पाचव्या दिवशी सुपरमार्केटच्या मॅनेजरचा फोन आला. माणूस मवाळ होता, आवाजात सर्दी होती. तो म्हणाला, बाई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, मी असं सुचवत होतो की त्या जागेशेजारीच ट्रॉल्या लावायला एक लहानसा कठडा करून घेऊ, म्हणजे लोक त्यातच लावतील. तिने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "कठडा नको. कठडा केलात की तिथेच ढीग साचणार. मला ती जागा मोकळी हवी आहे. रिकामी." "एखाद-दोन राहिल्या तर..." "एकही नको." पलीकडे थोडा वेळ नुसती सर्दी ऐकू आली. "बरं," तो म्हणाला, "माणूस नेमतो." फोन ठेवल्यावर तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं, मॅनेजरच्या सर्दीसकट. तो चमचा ताटलीत ठेवून ऐकत होता. "एकही नाही?" त्याने विचारलं. "एकही नाही. माणूस नेमणार आहेत खास. दिसली ट्रॉली की उचल." "आणि कठडा?" "तो मीच नको म्हटलं." त्याने चमचा उचलला. पुन्हा ठेवला. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण त्याने पाण्याचा पेला जवळ ओढला. "बरं," तो म्हणाला. हा आता दुसरा 'बरं' होता, आणि तिला त्याचा थोडा रागच आला. बायकोने त्याच्यासाठी डोंगर हलवला, आणि हा माणूस 'बरं' म्हणतो.

तो मोजणीदार होता. जमिनी मोजणारा. बत्तीस वर्षं त्याने साखळ्या, फिती, मग दुर्बिणीची यंत्रं घेऊन लोकांच्या हद्दी आखल्या, आणि या सगळ्यात खरं माप त्याच्या पायात होतं. त्याचं पाऊल पंचाहत्तर सेंटीमीटरचं पडे, चढावर आणि उतारावरही. लग्नानंतरच्या दिवसांत ती त्याच्याबरोबर चालायला जाई, म्हणजे त्याच्या मागे जाई, कारण पंचाहत्तर सेंटीमीटरला तिची पावलं दीड पडत. तो बोलत बोलत पुढे निघून जायचा आणि कोपऱ्यावर थांबायचा. मागे वळून बघायचा नाही, नुसता थांबायचा. ती धापा टाकत पोचली की पुन्हा चालू. तिने तेव्हा पुष्कळदा त्याची पाठ पाहिली. शर्टाच्या इस्त्रीची मधली घडी, मानेवरचा तीळ. बाजारात, स्टेशनावर, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत, सगळीकडे ती पाठ पुढे आणि ही मागे. रागावून एकदा ती मुद्दाम एका दुकानात शिरून उभी राहिली होती, की बघू या, येतो का परत. तो आला नाही. ती अर्ध्या तासाने कोपऱ्यावर गेली तर तो तिथेच उभा. "सापडलं का जे हवं होतं ते?" त्याने विचारलं. मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या मणक्यात गाठ निघाली. गाठ काढली, ती वाईट नव्हती, पण डावा पाय गुडघ्याखाली मुका झाला. डॉक्टर म्हणाले, चालत राहा, वॉकर घ्या, जितकं चालाल तितका पाय शिकेल. घरी वॉकर आला. पण वॉकरने स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायला त्याला चार मिनिटं लागत, आणि तिला कामावर जायचं असे, भांडी व्हायची असत. तुम्ही बसा हो, पटकन होईल, ती म्हणायची. खुर्ची आली तशी वॉकरवर टॉवेल वाळू लागले. आणि एक गोष्ट होती, जी तिने स्वतःशीही धड कबूल केली नव्हती, पण खुर्ची ढकलताना ती खालून वर येई : आता तो पुढे होता तरी निघून जाऊ शकत नव्हता. मानेवरचा तीळ दोन हातांच्या मध्ये, हवा तितका वेळ. हे तिला आवडत होतं. नवऱ्याचा पाय गेल्याचं दुःख तिला होतं, खरंखुरं होतं, त्यासाठी ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. पण त्याच्या शेजारीच हेही होतं.

पहिल्या शनिवारी जागा अशी लख्ख होती की गाडी लावावीशीच वाटेना. पिवळ्या जाकिटातला एक पन्नाशीचा माणूस भिंतीशी उभा होता. कुणीतरी ट्रॉली सोडून वळतंय न वळतंय तोच तो झेप घालून ती घेऊन जाई. तिने त्याला हसून मान डोलावली, त्याने सलामासारखं काहीतरी केलं. आत जाताना तिला वाटलं, आज नवरा काहीतरी बोलेल. तो मांडीवरच्या टोपलीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. पिठाच्या पिशव्यांपाशी आल्यावर त्याने एकदा मान वर करून फळीकडे पाहिलं. "पीठ आहे घरात," ती म्हणाली. पैसे द्यायच्या जागी जी बाई बसे तिने त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग हिच्याकडे, तोंड उघडलं आणि मिटलं, आणि मग वस्तू भराभर यंत्रासमोरून सरकवू लागली. खुर्ची बघून माणसं अशीच करतात. तिने मनावर घेतलं नाही. पण त्या आठवड्यात घरात काहीतरी बिनसलं होतं. तो जेवण अर्धवट टाकू लागला. बुधवारी ती कामावरून आली तर तो खिडकीशी बसला होता, बाहेर जायचे कपडे अंगावर, बूटसुद्धा. "कुठे निघाला होतात?" तिने थट्टेने विचारलं. "कुठे जाणार?" तो म्हणाला. तिला वाटलं, उदास झालाय, होतं असं. मुलीला फोन करून सांगितलं, बाबांशी जरा बोलत जा. मुलगी दूरच्या शहरात दात काढायचं काम करते. ती म्हणाली, आई, त्यांना काहीतरी करू दे ना. "काय करू देऊ?" ती म्हणाली. तिला खरंच सुचलं नाही.

तिसऱ्या बुधवारी सकाळी साडेअकराला खिडकीवरचा फोन वाजला. बुधवारी ती शेजारच्या शिक्षिकेच्या गाडीतून कामावर येई, दोघींचं तसं ठरलेलं होतं. फोनवर आधी सर्दी ऐकू आली आणि तिने मॅनेजरला लगेच ओळखलं. "बाई, तुम्हाला येता येईल का? साहेब पडलेत."

"कोण साहेब?"

"तुमचे साहेब. खुर्चीवाले."

"ते घरी आहेत," ती म्हणाली. खिडकीपलीकडे एक म्हातारा कागद हातात धरून उभा होता, त्याला तिने थांबा अशी खूण केली. "तुमची काहीतरी चूक होतेय. ते एकटे कुठे जात नाहीत."

"नाही हो, इथेच आहेत. म्हणजे आत्ताच दवाखान्यात नेलं. तुमची गाडी इथे आहे ना, राखीव जागेत."

टॅक्सीत बसल्यावर ती गाडीचाच विचार करत राहिली. माणसाचं डोकं संकटात भलतीकडेच धावतं. गाडीची किल्ली ड्रॉवरमध्ये असायची, ती आहे तिथेच असे. आसन पुढे-मागे झालेलं कधी दिसलं नाही. आरसा कधी हललेला नाही. गाडी बिनक्लचची, डावा पाय लागतच नाही. त्याचे पाय लांब, तिचे आखूड. तो बसला असेल तर आसन मागे घेतलंच असणार, आणि उतरताना पुन्हा तिच्या खाचेवर आणून ठेवलं असणार, बोटभरही फरक न करता. मोजणीदारच तो. किती बुधवार? ती आवारात उतरली तेव्हा गाडी राखीव जागेत दोन्ही पांढऱ्या रेघांपासून सारख्या अंतरावर उभी होती. तिच्याने इतकी सरळ कधी लागली नव्हती. भिंतीजवळ मॅनेजर उभा होता, आणि एका उपड्या खोक्यावर एक सत्तरीची जाडसर बाई बसली होती, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, मांडीवर त्याचा चष्मा.

"तुम्ही पीठवाल्यांच्या घरच्या का?" बाईने विचारलं. "पीठवाल्यांच्या?" "आम्ही त्यांना तसंच म्हणतो. नाव कुणी विचारलंय! मी शाळेत गाणं शिकवायचे, मला इथे सगळे गाणंबाई म्हणतात." ती चष्मा पुसत बोलत होती, काच फुटली नव्हती, दांडी वाकली होती. "दर बुधवारी येतात. ट्रॉलीत पिठाच्या दोन मोठ्या पिशव्या टाकतात, रिकामी ट्रॉली पळते ना हाताखालून, वजन लागतं. आणि मग चालतात. सगळ्या रांगा, एक सोडत नाहीत. तासभर. काही घेत नाहीत, जाताना पिशव्या परत फळीवर. पहिल्यांदा मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. मग कळलं, अहो, मीही तेच करते की. ट्रॉली धरली की कोण लंगडा न कोण धड? सगळेच वाकून ढकलत असतात. काठी धरली की लोक बाजूला होतात, दार धरून उभे राहतात, आजी आजी करतात. ट्रॉली धरली की कुणी ढुंकून बघत नाही. किती बरं वाटतं माहितेय?"

"पण पडले कसे?" तिने विचारलं. आवाज खिडकीवरचा होता, कोरडा, नोंद करून घेणारा.

"ट्रॉली नव्हती ना!" गाणंबाई म्हणाली. "ते तर सांगतेय. आत ट्रॉली मिळते हो, पण गाडीपासून दारापर्यंत काय धरायचं? आणि परत येताना ट्रॉली गाडीपर्यंत आणली, की ती त्या टोकाला नेऊन लावायची आणि मग हात हलवत यायचं, ते कसं जमणार? म्हणून आम्ही इथेच ठेवून जायचो. पुढच्याला उतरल्या उतरल्या धरायला होते. मी त्यांच्यासाठी, ते माझ्यासाठी, एक दमेवाले आहेत, एक पोटुशी बाई यायची, कंबर धरलेली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आपोआप पडलं तसं. आता एक दिसली की चार धडधाकट लोक आपल्याही आणून टाकायचे, ते मान्य. त्याचा त्रास व्हायचा. पण कुणीतरी बाईने म्हणे असं पत्र लिहिलं, की ह्यांची पाचावर धारण बसली. एकही ट्रॉली ठेवू देत नाहीत. मी दोन आठवडे आलेच नाही. त्यांनी आज गाड्यांच्या टपांना धरत धरत स्वतःला इथवर आणलं, मी समोरून बघत होते. शेवटची गाडी संपली आणि हा मोकळा पट्टा आला. उभे राहिले थोडा वेळ. मी ओरडले, थांबा, मी ट्रॉली आणते. पण मी तरी काय पळणार?" तिने चष्मा पुढे केला. "देव भलं करो त्या पत्रवाल्या बाईचं."

मॅनेजर आपल्या बुटांकडे बघत होता. त्याने नाक पुसलं, पण तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्याच्या या चांगुलपणाने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच ती, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. इतकी वर्षं लोक खिडकीपलीकडून तिला बोल लावत आले होते आणि ती कागद पुढे ओढत म्हणत आली होती, साहेबांना भेटा. "चष्म्याबद्दल आभारी आहे," ती म्हणाली. पिवळ्या जाकिटातला माणूस दूरवर दोन ट्रॉल्या ढकलत रांगेकडे चालला होता. तिच्या मनात आलं, याला आता थांबवावं, ओरडून सांगावं की एक राहू दे कडेला. ती ओरडली नाही. मॅनेजरने पुढे केलेली किल्ली घेऊन ती गाडीत बसली. आसन मागे होतं. पाय ब्रेकपर्यंत पोचत नव्हते. खाली वाकून ते पुढे ओढताना तिला हुंदका आला, तो तिने तसाच आत दाबला, कारण गाडी चालवायची होती.

दवाखान्यात दुपारी तीनला त्याला खोलीत आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, त्याच डाव्या बाजूचं. उद्या शस्त्रक्रिया, प्लेट, स्क्रू. डॉक्टरीण तरुण होती, तिने कागदावर हाडाचं चित्र काढून दाखवलं आणि नवऱ्याने चित्राच्या मापात चूक काढली, त्यावर ती दोघं हसली. बायकोला हसू आलं नाही. डॉक्टरीण गेल्यावर खोलीत पलंगाच्या यंत्राचा बारीक आवाज राहिला. त्याचा चेहरा औषधाने सैलावलेला, तरी दाढी केलेला होता. बुधवारी तो दाढी करत असे, हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली, चष्म्याची वाकलेली दांडी सरळ करायचा प्रयत्न करू लागली.

"एकवीस पावलं आहेत," तोच बोलला. डोळे छताकडे. "जागेपासून दारापर्यंत. माझी जुनी नाही, आत्ताची. आत्ताचं पाऊल तीस सेंटीमीटरचं पडतं. शेवटची अकरा मोकळी आहेत. ट्रॉल्यांच्या रांगेपर्यंत एकशे चाळीस होतात, ते शक्यच नाही. अकरा जमतील असं वाटलं होतं. सात झाली."

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दीड वर्ष होत आलं. सुरुवातीला एक रांग व्हायची. आता सगळं दुकान व्हायचं दोनदा."

दीड वर्षं. म्हणजे पाय शिकत होता. डॉक्टर म्हणाले होते तसा शिकत होता, आणि तिने शनिवारी त्याला त्याच रांगांमधून मांडीवर टोपली देऊन ढकलत नेलं होतं, आणि तो बसून राहिला होता. पैसे घेणारी ती बाई म्हणून तशी बघत होती. सगळ्यांना माहीत होतं. त्या दुकानातल्या दमेवाल्याला, पोटुशीला, परक्या माणसांना माहीत होतं की हा चालतो. घरच्या बाईला तेवढं माहीत नव्हतं. आला तो राग होता की लाज, हे तिला ठरवता येईना. बोलताना मात्र तो रागासारखा बाहेर पडला.

"मी त्या रात्री तुम्हाला सगळं सांगितलं होतं. जेवताना. पत्र, माणूस, कठडा, सगळं. तेव्हा एक शब्द बोलला असतात! नुसतं म्हणाला असतात की मला लागते तिथे ट्रॉली. मी दुसऱ्या दिवशी फोन केला असता. कठडा करून घेतला असता. सोन्याचा करून घेतला असता!"

"हो," तो म्हणाला.

"मग का नाही बोललात? हाड मोडून घेतलंत, पण बोलला नाहीत. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

त्याने मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी असं, थेट. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तोच असता तर बरं झालं असतं.

"बोललो असतो तर तू बरोबर आली असतीस," तो म्हणाला.

तिला पटकन म्हणायचं होतं, नाही, कशाला आले असते, तुम्ही जा म्हटलं असतं. वाक्य तयार होतं. पण ती स्वतःला चांगली ओळखत होती. तिने बुधवारची रजा टाकली असती. ट्रॉलीला डाव्या बाजूने हात लावून चालली असती, पुढे खांब आहे म्हणाली असती, दमलात, बसा आता म्हणाली असती. पिठाच्या पिशव्या तुम्ही उचलू नका, मी उचलते, म्हणाली असती.

"आले असते," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने त्याचा श्वास लांब झाला. परिचारिका येऊन सलाइन बघून गेली, जाताना हळूच विचारून गेली, घरी कोण आहे यांचं करायला? "मी आहे," तिने सांगितलं. हे उत्तर तिच्या तोंडून आपोआप आलं आणि ते देताना पाठ ताठ झाली. ती झोपलेल्या नवऱ्याकडे बघत बसली, आणि बघता बघता तिच्या डोक्यात सगळं जागच्या जागी लागू लागलं. तीन महिने बिनपगारी रजा मिळेल. पलंग बाहेरच्या खोलीत आणायचा, म्हणजे स्वयंपाकघरातून दिसतील. उशाशी घंटा. गाडीची किल्ली आता आपल्या पर्समध्ये ठेवायची. न्हाणीघराला आतून कडी नको. बाहेर जायचं तर दोघांनी, सावकाश, खुर्चीत. तिने हाताची बोटं मोजत सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासलं, काही राहिलं का ते, आणि काहीच राहिलेलं नव्हतं. मग तिला कळलं की आपण काय करतोय. तिने मोजणारा हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला. पण एवढं कळूनही, त्यातलं काय काढून टाकावं, ते तिला सुचेना.